लेकीच्या शेजारी

मांजलपूर, वडोदरा

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

आमच्याच सोसायटीत तळमजल्यावरचा फ्लॅट तुमच्यासाठी भाड्याने घेतला असून अनामतही भरली आहे. आधी विचारले असते तर बाबा, "लेकीच्या दारात राहायचे का?" एवढे बोलून तुम्ही विषय मिटवला असता, म्हणून हे पत्र.

लग्नाने मी दुसऱ्या कुळात गेले, हे खरे. परंतु वंश कोणाकडून मोजायचा, लग्नानंतर कोणी कोठे राहायचे आणि म्हाताऱ्यांचे कोणी करायचे, हे तीन निराळे प्रश्न असून प्रत्येक समाजाने त्यांची उत्तरे आपापल्या परीने दिली आहेत. मेघालयातील खासी लोकांत वंश आईकडून चालतो, वडिलोपार्जित घर धाकट्या लेकीकडे जाते आणि आई-वडिलांना तीच सांभाळते. मीही तुमची धाकटीच! (दादा तिकडून करतो ते थोडे नाही, पण रात्री-अपरात्री हाकेला कोण येणार?)

तुमचे दांडिया बाजारचे घर मोडायचे नाही. गणपती तिथेच बसेल. आपल्याच सयाजीराव विद्यापीठात शिकवणाऱ्या आय. पी. देसाईंनी सौराष्ट्रातील महुव्याच्या कुटुंबांचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी हेच मांडले की चुली वेगळ्या झाल्या तरी परस्परांविषयीची कर्तव्ये आणि मालमत्तेतील संबंध टिकून असतील तर एकत्रपणा संपत नाही. त्यामुळे आई, तुझी चूल वेगळीच राहील, ओटा तुझ्या उंचीचा करून घेतला आहे आणि तुळशीला सकाळचे ऊन मिळते. जावयाकडे रोज जेवण्याचा संकोच नको. वाटीभर आमटी मात्र मी हक्काने मागून नेईन.

बाबा, त्या घराच्या जिन्याचा तो दोर धरून उतरताना तुम्ही मला कडेवर घेत असा आणि मी डोळे घट्ट मिटून घेत असे. आता तुम्ही एकटे उतरता तेव्हा डोळे मिटून घेणे मला जमत नाही.

रविवारी टेम्पो येईल. जड काही उचलू नका, देव आईनेच घ्यावेत, औषधांचा डबा आणि रक्तदाबाची वही हातातल्या पिशवीत ठेवा. नाही पटले तर दिवाळीनंतर परत जा, मी अडवणार नाही. तोवर मात्र माझे ऐकायचे.

तुमची लाडकी,
धाकटी