आईला मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं गाळू नका

पुणे,
घटस्थापनेचा आदला दिवस

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मायना बरोबर आहे ना, बाबा? चौथीत असताना तीनदा लिहायला लावला होतात. आज मुद्दाम पत्र लिहितेय, कारण फोनवर काही कळत नाही. मी विचारते आई कशी आहे, तुम्ही म्हणता "घे, तिच्याशीच बोल", आणि फोन कानाला लागायच्या आत आई म्हणते "मी ठणठणीत." गौरी आवाहनाच्या रात्रीही ती ठणठणीतच होती.

2017 चा डिसेंबर आठवा, तुमचा हार्ट अटॅक. पहाटे पाचला तुमच्या छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. तुम्ही आईकडे ओवा मागितलात. आईनं ओवा दिला नाही. तुमच्या अंगावर शाल टाकली, शेजारच्या काकांचं दार बडवलं, आणि नाशिकच्या जेल रोडवरून पाऊण तासाच्या आत तुम्ही हॉस्पिटलात होतात. "ही उगाच घाबरते" असं गाडीतही म्हणत होतात म्हणे.

आता यंदाच्या गौरी. आवाहनाच्या संध्याकाळी मुखवटे बसवताना आईला घाम फुटला. जबडा ठणकायला लागला, पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखायला लागलं, दोन पायऱ्या चढली की दम. छातीत मात्र कळ नाही. "दिवसभर उभी आहे ना, म्हणून." तुम्ही म्हणालात पित्त असेल. सकाळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनीही पित्ताचीच गोळी दिली, ईसीजी काढला नाही. आणि मी? मी पुण्याहून फोनवर सांगितलं, "आई, गार दूध पी आणि जरा पड." पडते कसली. सोळा भाज्या झाल्या, पुरण झालं, नैवेद्य झाला, सवाष्ण जेवून ओटी घेऊन गेली, आणि दुपारी तीनला आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली ती उठेना. तोही अटॅकच होता. रात्री आठ ते दुपारी तीन, एकोणीस तास.

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर दोघांचे आकडे आहेत. बाबा, तुमच्या हृदयाचा ईएफ, म्हणजे एका ठोक्याला रक्त बाहेर ढकलायची ताकद, 55. आईचा 40. स्टेंट दोघांना एकेकच. रक्ताविना मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही, म्हणून हे पंधरा मला त्या एकोणीस तासांचेच वाटतात.

तेव्हापासून रात्री बसून वाचतेय. अमेरिकेतल्या अकरा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरचा एक अभ्यास 2012 साली छापून आला. त्यात हार्ट अटॅक घेऊन आलेल्या बायकांपैकी 42 टक्के जणींना छातीत दुखलंच नव्हतं. पुरुषांत हे प्रमाण 31 टक्के. रुग्णालयात दगावलेल्या बायका 14.6 टक्के, पुरुष 10.3. म्हणजे बायकांनाही बहुतेक वेळा छातीतच दुखतं, पण शंभरातल्या चाळीसेक जणी आईसारख्या जबडा, पाठ, मळमळ, दम, थकवा असलं काहीतरी सांगत येतात आणि समोरचा माणूस पित्त म्हणतो. आईला तर वर बारा वर्षांची साखर. मधुमेहात नसा बोथट होऊ शकतात, मग दुखणं कळतच नाही. शिवाय मधुमेहानं हृदयाची जोखीम पुरुषापेक्षा बाईची जास्त वाढते. हे मला माहीत नव्हतं. मी तिला नुसतं गोड खाऊ नको एवढंच सांगत आले.

वयाचंही एक आहे. बायकांना पहिला अटॅक पुरुषांपेक्षा साधारण नऊ वर्षं उशिरा येतो. तोवर रक्तदाब, साखर, गुडघे सगळं गोळा झालेलं असतं, म्हणून म्हाताऱ्या बायका जास्त दगावल्यासारख्या दिसतात. पण एकाच वयाचे स्त्री-पुरुष शेजारी ठेवले की चित्र उलटं होतं. सर्वांत मोठी तफावत पन्नाशीच्या आत, तिथे बाई दगावण्याचं प्रमाण पुरुषाच्या दुपटीहून जास्त (म्हणजे धास्ती घ्यायची तर मी घ्यायला हवी, चव्वेचाळीसची!). पुढे ती घटत जाते आणि पंचाहत्तरीला जवळजवळ उरत नाही. तेव्हा बाबा, तुम्ही शहात्तर आणि आई एकाहत्तर, निसर्गानं तुमच्यात आता फारसा भेद ठेवलेला नाही. आपल्या घरात जो आहे तो आपण केलेला.

ज्या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं ती आता सांगते. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात हार्ट अटॅकच्या रुग्णांचा अभ्यास झाला, 2011 साली प्रसिद्ध झाला. छातीत दुखायला लागल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंत किती वेळ गेला, एवढंच बघितलं. लग्न झालेले पुरुष एकट्या पुरुषांपेक्षा साधारण अर्धा तास लवकर पोचले होते. बायकांना लग्नाचा असा काही फायदा झालेला दिसला नाही.

हे वाचलं आणि मला पहाटे दार बडवणारी आई दिसली.

बाबा, रागावू नका. करन्सी नोट प्रेसमध्ये तुम्ही तीस वर्षं काढलीत. नोटेवरची रेघ केसभर सरकली तरी तुमच्या डोळ्याला खुपायची, घरी आणलेल्या लग्नपत्रिकेतसुद्धा छपाईची चूक दाखवायचात. तीच नजर आता आईवर ठेवा. ती सांगणार नाही. सांगितलं तरी "जरासं" म्हणून सांगेल. कुकरची शिट्टी झाल्यावरही ती बसून राहिली, चहा अर्धा टाकला, बोलताना मधेच थांबली, चेहरा घामानं डबडबला, की विचारत बसू नका. 108 फिरवा. रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, ऑक्सिजन असतो. काकांची गाडी प्रेमाची खरी, पण द्वारकेच्या चौकात अडकली तर तिच्यात पेट्रोलशिवाय काही नाही. आणि कुणीही पित्त म्हणालं तरी "आधी ईसीजी काढा" म्हणायचं. रुग्ण पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा असं हृदयरोगतज्ज्ञांचंच सांगणं आहे. पहिला चांगला आला आणि त्रास थांबला नाही तर पुन्हा काढतात, रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, बघतात. तुम्ही शांतपणे खुर्ची ओढून तिथेच बसायचं. बँकेत बसता तसं.

आई, आता तू ऐक. डब्यातल्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मोजून आलेय मी, सात जास्त निघाल्या. "एक दिवसाआड घेते, गरगरतं" हे तू मला सांगितलंस, डॉक्टरांना सांगितलं नाहीस. गरगरत असेल तर ते औषध बदलतील, मात्रा कमी करतील, पण त्यांना कळायला हवं. स्वीडनमध्ये मोठ्या नोंदींवरून दिसलंय की अटॅकनंतर बायकांना पुरुषांइतकी औषधं आणि उपचार मिळाले की जगण्यातला फरक बराच कमी होतो. तिकडे डॉक्टर द्यायला कमी पडतात, इकडे तू घ्यायला.

बाबांना अटॅकनंतर व्यायामाला न्यायचीस ते आठवतं? दोन महिने, एक दिवस चुकला नाही. तू बाहेर बाकावर मटार सोलत बसायचीस. तुझ्या वेळी मात्र दोनच दिवस गेलीस, का तर बाबांचा नाश्ता. बाबांना पोहे करता येतात. जरा चिकट होतात, चालतील. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच चालायचं, सपाटीवर, मुक्तिधामपर्यंत आणि परत. दम लागला की थांबायचं. वणीचा नवस मी फेडते, गडाच्या पायऱ्या यंदा तुझ्यासाठी नाहीत. देवी समजून घेईल, तिलाही घर-संसार आहे.

मी दसऱ्याला येतेय, दोन दिवस आधीच. पुरण मी घालणार.

बाबा, उलट टपाली उत्तर पाठवा. आई किती चालली, कुठे थांबली, रात्री किती उशा घेऊन झोपते, पाय सुजतात का, हे सगळं लिहा. "ती बरी आहे" एवढंच लिहिलंत तर पत्र तसंच परत पाठवीन.

तुमची लेक