इंजिन तापले? आधी इंपेलर पाहा

महोदय,

1 ऑगस्टला मासेमारीबंदी उठते आणि काही नौका तापलेले इंजिन घेऊन बंदरात परततात. लगेच हेड गॅस्केटवर (इंजिनचे डोके आणि ब्लॉक यांमधल्या सीलवर) संशय घेऊन इंजिन खोलायची घाई होते. ती करू नये. दोन महिने उभ्या नौकेत इंजिन थंड ठेवणाऱ्या समुद्राच्या पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, एकाच जागी दबून राहतो. पाती वाकतात, कडक होतात, सुरू करताच तुटतात.

इंजिन थंड करून बाहेर पडणारे पाणी कमी झाले असेल तर सी-कॉक (समुद्राचे पाणी आत घेणारी झडप) बंद करून पंपाचे झाकण काढा. पाते तुटले असल्यास नुसता नवा इंपेलर घालून भागत नाही! तुकडा बहुधा हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनची उष्णता काढणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकतो. तो सापडेपर्यंत शोधा. त्यातली, गंज स्वतःवर घेणारी जस्ताची कांडी निम्मी झिजली असेल तर तीही बदला. बंदीत इंपेलर काढूनच ठेवावा आणि इंजिनच्या चावीला तशी चिठ्ठी बांधावी.

— एक इंजिन मिस्त्री, रत्नागिरी