फॉरमॅटच्या आधी रॅम तपासा

महोदय,

मी आयुष्यभर मुद्रितशोधन केले आणि निवृत्तीनंतरही घरच्या जुन्या डेस्कटॉपवर प्रुफे वाचतो. काही महिन्यांपूर्वी मीच तपासून ठेवलेल्या मजकुरात 'त्या काळात'चे 'त्या गाळात' झालेले दिसले. पुढे एके ठिकाणी 'तार'चे 'दार'. वयाने नजर चुकू लागली, असे वाटून मला फार वाईट वाटले.

मग संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागला. कधी टाइप करताना, कधी नुसता चालू असताना. दुरुस्तीला दिला, तर व्हायरस आहे म्हणून फॉरमॅट करून मिळाला. आठवड्याभरात पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेस विंडोज टाकतानाच गाडी अर्ध्यावर अडली, तेव्हा 'मशीनचे वय झाले, नवीन घ्या' असे ऐकवण्यात आले. दोन्ही वेळा रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणारी संगणकाची मेमरी, कोणी तपासलीच नाही.

ती तपासली माझ्या पुतणीने. तिने मेमटेस्ट८६ प्लस हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू केला. त्याला विंडोज लागत नाही. पहिली फेरी निर्दोष गेली. मी बंद करायला निघालो होतो, पण तिने रात्रभर चालू ठेवायला लावला. सकाळी पडद्यावर चुकांच्या ओळी होत्या. मेमरीत लिहिलेला आकडा आणि परत वाचलेला आकडा यांत प्रत्येक ओळीत एकाच बिटाचा, म्हणजे संगणकाच्या ०-१ च्या लिपीतल्या एकाच अंकाचा फरक, आणि बिट तोच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या क्रमांकांत, 'क' ०९१५ आणि 'ग' ०९१७, 'त' ०९२४ आणि 'द' ०९२६. या दोन्ही जोड्यांतही नेमका त्याच एका बिटाचा फरक आहे. चूक माझ्या डोळ्यांची नव्हती.

रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी बिघडलेली कोणती, हे शोधायला एक दिवस गेला. वायर काढायची, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरायचे, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, मगच पट्टीला हात. तिची सोनेरी टोके मऊ खोडरबराने पुसून कण झटकले. पुष्कळदा दोष एवढ्यानेच जातो. आमचा गेला नाही. मग एकेक पट्टी एकटीच लावून तपासली आणि जागा बदलून पुन्हा तपासली. एक पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये (पट्टी बसवायच्या जागांत) चुकली, दुसरी दोन्हीकडे नीट चालली. चुका पट्टीबरोबर न जाता एकाच स्लॉटला चिकटून राहिल्या असत्या, तर संशय मदरबोर्डवर गेला असता. नवी पट्टी घेताना जात तीच हवी. आमची डीडीआर३ आहे. तिच्या स्लॉटमध्ये डीडीआर२ किंवा डीडीआर४ बसतच नाही, खाचेची जागा वेगळी असते.

विंडोजमध्येही मेमरी डायग्नोस्टिक नावाची तपासणी आहे. पण तिला काही सापडले नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

हे पत्र लिहिण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. फॉरमॅटच्या आधी मी सगळ्या फाइलींची प्रत काढली, ती त्याच बिघडलेल्या मेमरीतून. कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधूनच जाते. प्रत निघाली, कुठे तक्रार आली नाही, आणि मूळ फाइली फॉरमॅटमध्ये पुसल्या गेल्या. आता त्या प्रतीतल्या काही फोटोंचा खालचा भाग नुसता करडा दिसतो. ते फोटो परत मिळणार नाहीत.

म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांना कळकळीची विनंती, की वारंवार बंद पडणारा संगणक आला तर फॉरमॅटच्या आधी एक रात्र रॅमची तपासणी चालवा आणि तिचा निकाल पावतीवर लिहून द्या. आणि वाचकहो, ती होईपर्यंत कॉपी काढू नका. हार्ड डिस्क सोडवून दुसऱ्या, नीट चालणाऱ्या संगणकाला जोडून घ्या.

त्या काळात तपासलेल्या एकेचाळीस फाइली मी सध्या मूळ हस्तलिखितांशी ताडून पुन्हा वाचतो आहे. सव्वीस झाल्या आहेत.

– एक निवृत्त मुद्रितशोधक