कालच्या फोननंतर

पुणे
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय सुवा,
सलाम.

काल तू फोन आपटलास. मोबाइल आपटता येत नाही हे खरं, पण मला ऐकू आला. बाबा म्हणाले, तूच कर परत. नाही केला. फोनवर माझ्यातली हॉस्टेलची रेक्टर बोलायला लागते आणि आई मागे राहते, हे तुझंच म्हणणं. म्हणून कुकर लावून लिहायला बसलेय.

तुझ्या वसतिगृहातल्या चार मुलींना नाताळला पुण्याला आणते म्हणालीस आणि मी ‘मुळीच नाही’ म्हणाले. मुली नकोत असं नाही गं. वाटेत छत्तीसगडमधलं दुर्ग आहे. २५ जुलैला त्याच स्टेशनावर केरळच्या दोन सिस्टरांना, नन्सना, पोलिसांनी धरलं, विसरलीस? बरोबरच्या तिघी नारायणपूरकडच्या, सज्ञान, कामासाठी आग्र्याला निघालेल्या. घरचे सांगत होते, आम्हीच पाठवलंय. तरी मानवी तस्करी आणि धर्मांतराची कलमं लागली. जामीन झाला २ ऑगस्टला. तुझ्या मुली तर अकरा-बारा वर्षांच्या. डब्यात कोणी विचारलं, या तुमच्या कोण, तर काय सांगशील?

बस. आता यावर एक अक्षर लिहीत नाही.

तिकडे थंडी पडली का? मोठ्या मावशीनं विणलेला तपकिरी स्वेटर तू मुद्दाम कपाटात ठेवून गेलीस, कळलं मला. परवाच्या उपासनेत पाळकसाहेबांनी तुझं नाव घेऊन प्रार्थना केली. मी मान खाली घातली ती भक्तीनं नव्हे. हसू येत होतं, आणि प्रार्थनेत हसणं बरं दिसत नाही. बाहेर आल्यावर तिघीचौघींनी विचारलं, ‘एवढ्या लांब एकटी?’ मी म्हटलं, ‘हो, एकटीच.’ असं म्हटलं की जसं काही मला मोठं बक्षीसच मिळालंय. घरी येऊन मात्र जेवले नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये तिकडच्या ख्रिस्ती आदिवासींना गावातून हाकललं, नारायणपूरच्या स्टेडियममध्ये थंडीत राहिले, त्या बातम्या मी तुलाच वाचून दाखवल्या होत्या. तेव्हा ठाऊक नव्हतं की त्यातल्याच काही घरांतल्या मुलींच्या वेण्या तू घालशील. ठाऊक असतं तर वाचल्या असत्या का, कोण जाणे.

प्रत्येक मुलीचं रजिस्टर नीट लिही. नाव-गाव-आधार एवढ्यानं भागत नाही. पाडा कुठला, आईला काय हाक मारते, घरी कुठली बोली, शेवटचं घरी कधी बोलली. महिन्यातून दोनदा तरी घरी फोन, आणि तो तिच्या बोलीत. तू समोर बसू नकोस. शाळेचा कारकून जातीच्या दाखल्यावर अडला तर ठाम सांग, अनुसूचित जमातीचा दाखला धर्मावर ठरत नाही. उपासनेला सक्ती नको. पाहुणे आले की रांगेत उभं करून गाणं नको.

झालं, सुरू झालं माझं. तुला एम.एस.डब्ल्यू. केलेल्या बाईला मी रजिस्टर शिकवतेय. माफ कर. पण रांगेचं मी उगाच नाही म्हणत.

२००८ साली ऑगस्टात ओडिशातलं कंधमाळ पेटलं, ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले आणि तिकडच्या अकरा मुली आपल्याकडे आल्या, तेव्हा तू सहावीत. त्यांतली सगळ्यात धाकटी नऊ वर्षांची. नाताळच्या कार्यक्रमात तिला ‘साक्ष’ द्यायला, म्हणजे स्वतःवर गुजरलेलं सांगायला, मी उभं केलं. मीच. देणगीदार पुढच्या रांगेत होते, हॉस्टेलच्या छपराचे पैसे हवे होते. ती रानात कशी लपली, दोन रात्री काय खाल्लं, ते सांगू लागली आणि मधेच थांबली. पांढरे मोजे हळूहळू पिवळे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं संपलं. छप्पर झालं. ती पोर त्यानंतर दीड महिना माझ्याशी बोलली नाही. तुझ्याशी बोलायची, तुझ्या खाटेवर झोपायची.

ती खाट मी तुला न विचारता दिली होती. काल तू म्हणालीस ना, ‘पंडिता रमाबाईंच्या लेकीचं, मनोरमेचं झालं तेच माझं, शंभर जणींत एक’. तेव्हा मी गप्प बसले, कारण उत्तर नव्हतं. अजून नाही.

तीन वर्षांनी त्या मुलीची आई आली. पोर ‘बोऊ’ म्हणून, ओडियात आईला म्हणतात तसं, धावेल असं मला वाटलेलं. ती दारात थबकली आणि म्हणाली, ‘आई, बस ना.’ मराठीत. ती माउली हसली, मग खिडकीकडे वळली. आम्ही पोरीला जेवू घातलं, दहावी केलं, सुरक्षित ठेवलं, यात खोटं काही नाही. पण त्या दिवशी मी चहाच्या निमित्तानं आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

माझ्या पणजीची गोष्ट तुला आजीनं सांगितली असेल. १९०० च्या छप्पनिया दुष्काळात रमाबाईंची माणसं तिला गुजरातेतून केडगावला त्यांच्या मुक्तिसदनात घेऊन आली. पाच वर्षांची. जगली म्हणून आपण आहोत. पण गावाचं नाव तिला कधीच सांगता आलं नाही. म्हातारपणी ताप चढला की ‘बा, बा’ करायची. घरच्यांना वाटे, बापाला हाक मारतेय. ती गेल्यावर कोणी गुजराती शेजारीण म्हणाली, अहो, बा म्हणजे आई. दौंडला निघालेली गाडी केडगावावरून जाते तेव्हा मी अजून खिडकीतून बघते. काय बघते, मलाही माहीत नाही. तू गेलीस त्या संध्याकाळी तूही बघितलंस का?

म्हणून पाडा लिहून ठेव म्हणते.

आणि आणायच्याच असतील तर ऐक. दोन्ही पालकांचं संमतीपत्र, अंगठा असेल तर सरपंचाची सही. बाल कल्याण समितीची लेखी परवानगी, जाण्या-येण्याच्या तारखांसह. संस्थेच्या नोंदणीची प्रत. प्रत्येकीच्या आईचा फोन नंबर तिच्या खिशात. एक आई बरोबर आली तर सगळ्यात उत्तम, तिचं तिकीट मी काढते. रात्री जागी राहा. दुर्गाला खाली उतरू नका, चहाला सुद्धा नाही.

नाही लिहिणार म्हणाले होते ना. तीन शिट्ट्या झाल्या केव्हाच, डाळ लागली.

बाबांनी सकाळी न सांगता माळ्यावरून गाद्या काढल्या, गच्चीवर उन्हात टाकल्यात. तुझ्या खाटेची सुद्धा. मुलींच्या अंगावर पांघरायचं कमी पडेल, शेजारच्या काकूंकडे सांगून ठेवते. चारच म्हणालीस ना, की पाच?

तुझी
आई