पाषाणची बदली नको म्हणून कळवलंय

ती. बाबा, ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी पावसाचा विषय काढला असता, म्हणून लिहिते आहे. पुण्यात, पाषाणच्या लॅबमध्ये बदली मिळत होती. मी नको म्हणून कळवलंय. सहीसुद्धा झाली.

बाबा, पाषाणच्या लॅबमध्ये काय कमी आहे, असं विचाराल. काहीच कमी नाही. पण माझं काम स्क्रॅमजेटचं, म्हणजे ध्वनीहून कितीतरी वेगाने आत घुसणाऱ्या हवेतच इंधन जाळणाऱ्या इंजिनाचं, आणि त्याच्या चाचण्यांची सोय इथे हैदराबादला आहे. मॅक 5 ते 12 पर्यंतचा, म्हणजे ध्वनीच्या पाच ते बारा पट वेगाचा, वाऱ्याचा बोगदा डिसेंबर 2020 मध्ये इथेच सुरू झाला. त्याच वर्षी 7 सप्टेंबरला ओडिशाच्या किनाऱ्यावरून एचएसटीडीव्ही हे स्क्रॅमजेटचं चाचणी-यान उडालं, त्या बातमीचं कात्रण तुम्हीच जपून ठेवलंत. रॉकेटने 30 किलोमीटर उंचीवर नेलं, मग इंजिन 20 सेकंदांहून जास्त चाललं, ध्वनीच्या सहापट वेगाने. एप्रिल 2025 मध्ये जमिनीवरच्या चाचणीत स्क्रॅमजेटचा ज्वलनकक्ष 1000 सेकंदांहून जास्त टिकला. हवेतले 20 आणि जमिनीवरचे 1000, यांच्या मधलं काम अजून व्हायचंय. मी नसले तर दुसरं कोणी करेल, हे मलाही कळतं. तरी ते मला करायचंय.

आई, एवढं तापतं तर वितळत कसं नाही, असं तू विचारलंस. आजोळचा तांब्याचा बंब आठव. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी; पाणी आहे तोवर नळीला धोका नाही. इथे पाण्याच्या जागी इंधनच भिंतींतून फिरवतात. ते उष्णता ओढून घेतं आणि मग स्वतः जळायला जातं. आणि हो, यात माणूस बसत नाही, त्यामुळे देवापुढे दिवा जास्तीचा लावू नकोस. त्या वेगाने पुणं पाच मिनिटांवर आहे. माझ्या नशिबी शताब्दीच.

इथे माझे हाल नाहीत. मावशी रोज ज्वारीची भाकरी करतात, कँटीनमध्ये फक्त दुपारी जेवते. क्वार्टरची दुसरी खोली तुमचीच आहे. कमोड आहे, बाबांच्या गुडघ्यांसाठी भिंतीला दांडा बसवून घेतलाय, गिझर चालू आहे, गॅलरीत सकाळचं ऊन येतं. तुळस मात्र आईनेच आणायची.

बाबा, लोहगावच्या कुंपणाशी स्कूटरच्या पुढे उभी करून तुम्ही सुखोई दाखवायचात. विमान आलं की स्वतःचे कान उघडे ठेवून माझे झाकायचात. तुम्हाला आताशा टीव्ही मोठा लागतो, तो त्यामुळेच की काय, असं उगीच मनात येतं. कानांचं मशिन लाजून कपाटात ठेवू नका.

आई, माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही. कामवाल्या ताईंना सांग, नाहीतर राहू दे तिथेच. बीपीची गोळी सकाळचीच, "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. मला बाकरवडी पाठवायला उन्हात रांगेत उभं राहू नका, इथे मिळते. (ताजी नसते, पण मिळते.)

बाबांच्या मोतीबिंदूची तारीख डॉक्टरांकडून घेऊन मला आधी कळवा, मगच नक्की करा. रजा मी बोलून ठेवली आहे, आठवडाभर येते. तोवर बाबांनी रात्री स्कूटर काढायची नाही. किल्ली आईकडे द्यावी.

तुमची,
चिमी