सूचना : मेल सर्व्हरचा रिले तपासून घ्या

सभासदहो,

अंधेरीतल्या आपल्या एका सभासदाच्या ऑफिसचा मेल सर्व्हर गेल्या आठवड्यात ब्लॅकलिस्टमध्ये (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत) गेला. कारण अगदी साधं. स्कॅनरवरून मेल जाईना, म्हणून कोणीतरी पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या 'मायनेटवर्क्स'मध्ये, म्हणजे विश्वासू आयपी पत्त्यांच्या यादीत, ०.०.०.०/० (सगळे पत्ते) टाकून ठेवलं होतं. म्हणजे अख्ख्या जगाला घरचं मानलं आणि कुणाचीही मेल पुढे पाठवायला, म्हणजेच रिले करायला, मोकळीक दिली! रात्रभर स्पॅम गेला आणि सकाळी ग्राहकांची बिलं परत येऊ लागली.

तुमच्याकडे 'मायनेटवर्क्स'मध्ये फक्त ऑफिसचे स्वतःचे आयपी पत्ते हवेत. स्कॅनरचा एकच आयपी पुरतो. पोर्ट २५ वर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार) आपल्या डोमेनसाठी आलेली मेल तेवढी घ्यायची. स्टाफने मेल पाठवायची ती ५८७ वरून, पासवर्ड आणि टीएलएससह (सांकेतिक, सुरक्षित जोडणीसह).

चाचणी ऑफिसातून करू नका, तिथून सगळं चालतंच. बाहेरच्या सर्व्हरवरून टेलनेटने (सर्व्हरला थेट जोडून हाताने आज्ञा देण्याच्या साधनाने) पोर्ट २५ ला जोडा आणि पाठवणारा व घेणारा दोन्ही परके मेल पत्ते द्या. 'रिले ॲक्सेस डिनाइड' आलं की ठीक.

रिले बंद असूनही क्यू (पाठवायच्या मेलची रांग) फुगत असेल, तर कुणाचा तरी पासवर्ड फुटला असण्याची शक्यता आहे. बहुधा अकाउंट्सवाल्यांचा.

ज्यांना जमत नाही त्यांनी शनिवारी दादरच्या बैठकीला लॅपटॉप आणावा.