तळघरातल्या दोन नळ्या

प्रिय बाळ्या,

गुडघा बरा, शुगर आटोक्यात. लिहितोय ते घरापायी. न्यू जर्सीतल्या एडिसन गावातलं आमचं घर विकायचंय. इथे तपासणी सहसा घेणारा करून घेतो, पण ऐनवेळी काही निघालं की सौदा मोडतो, म्हणून आम्हीच आधी इन्स्पेक्टर बोलावला.

छत, वायरिंग, वाळवी, सगळं ठीक. जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू येतो, त्याची चाचणी दोन दिवस चालते आणि तोवर खिडक्या बंद. नेमके तेव्हाच हिने बांगडे तळले! रेडॉन पास झाला, पडदे मात्र अजून घमघमतायत.

मग त्याने तळघरातली गणपतीच्या मखराची खोकी सरकवायला लावली. मागे भिंतीतून तांब्याच्या दोन बारीक नळ्या आलेल्या, टोकं ठोकून चपटी केलेली. घर १९५८चं. तेव्हा इकडे तेल जाळून घरं तापवायचे आणि तेलाची लोखंडी टाकी अंगणात पुरायचे; तेल अशा नळ्यांतून आत यायचं. पुढे गॅस आला, टाक्या मातीतच राहिल्या. मेटल डिटेक्टर फिरवला, तर हिच्या फुलझाडांपाशी तो ओरडायलाच लागला. टाकी शाबूत असेल तर काही हजार डॉलरांत निघते. गळली असेल तर राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवा, तेल मुरलेली माती उपसा. मग खर्चाला धरबंद नाही, आणि विमा बहुतेक वेळा हात वर करतो.

एजंट म्हणतो, "बघितलंच नसतंत तर सांगावं लागलं नसतं." माझी झोप उडाली रे. तुझा कोथरूडचा फ्लॅट आठवला. ताजा रंग बघून घेतलास आणि पहिल्याच पावसात छत गळायला लागलं. बादल्या संपल्या तेव्हा आपण परातीसुद्धा लावल्या, वहिनी पाळणा या खोलीतून त्या खोलीत हलवत होत्या. विकणाऱ्याला तू साधा जाबही विचारला नाहीस. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

टाकी काढूनच घर विकणार आणि सगळे कागद घेणाऱ्याच्या हातात देणार, हे ठरलंय. ही म्हणते, खरं सांगून भाव उतरवा, खोदाई त्यांची ते बघतील. पण त्या अंगणात कुणाचं तरी पोर खेळणार. फक्त एवढंच की म्हातारपणाची पुंजी या घरातच आहे. माती खराब निघाली तर कर्ज काढून काम पुरं करावं का? बँकेत जन्म घातलास, तूच सांग.

चिन्मयच्या नोकरीचं कळलं, फार बरं वाटलं. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का?

खोदाई पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी फोन कर, तुमच्या सकाळी.

तुझा,
दिन्या